मगावरची प्रिंट चार महिन्यांत उडाली. दोष शाईचा, मगाचा की माझा?

रंगारी_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत फोटो फ्रेम आणि मगावरच्या छपाईचं छोटं दुकान आहे. दोन वर्षं झाली, बरं चाललंय.

जानेवारीत एका शाळेच्या जुन्या दहावीच्या बॅचचा मेळावा होता. त्यांनी 60 मग करून घेतले. एका अंगाला शाळेच्या इमारतीचा फोटो, दुसऱ्या अंगाला प्रत्येकाचं नाव. देताना एक नंबर दिसत होते. परवा त्यातले एक काका मग पिशवीत घालून दुकानातच आले. काही बोलले नाहीत, नुसता काउंटरवर ठेवला. इमारतीचा वरचा मजला शाबूत, पण व्हरांडा आणि पायऱ्या धुक्यात गेल्यासारख्या. मी त्यांच्या ग्रुपवर चौकशी केली, तर संध्याकाळपर्यंत 11 जणांचे फोटो आले.

माझं सामान सांगतो. एप्सनचा टाकीवाला प्रिंटर, त्यात पहिल्या दिवसापासून सब्लिमेशन शाईच (तापवली की वाफ होऊन चिकटणारी). पेपर 100 जीएसएमचा, सब्लिमेशनचाच. 11 औंसाचे पांढरे मग. मग प्रेसवर, म्हणजे मगाभोवती तापलेलं पॅड आवळणाऱ्या मशीनवर, 180 डिग्री, 180 सेकंद. यंदा एक बदल केला: शाईची बाटली 80 रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून ब्रँड बदलला. मगवाला म्हणतो शाई खराब, शाईवाला म्हणतो मग खराब. दोघं एकाच गल्लीत बसतात, एकमेकांकडं बोट दाखवतात.

जूनमध्ये एका क्लासची 150 मगांची ऑर्डर आहे. टिकाऊ काम करायचं तर नेमकं कशावर पैसे घालावेत?

---

घाटावरचा

वाचनखूण साठवली. याच धंद्यात उडी मारायच्या बेतात आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत रुमाल.

---

कुलाबा_प्रिंट

80 रुपये वाचवलेत आणि 60 मग घालवलेत. शाईत काटकसर केली की असंच होतं. चांगली शाई घ्या, विषय संपला.

---

जुना_छापखाना

विषय इतक्यात संपवू नका हो. रंगारी, "उडाली" म्हणजे काय ते आधी सांगा. मी 30 वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं, मग इकडं आलो. गिऱ्हाईक सगळ्यालाच "रंग गेला" म्हणतं, पण रंग जाण्याच्या तऱ्हा वेगळ्या. चित्र फिकं पडलंय पण पृष्ठभाग गुळगुळीत आहे, ही एक. चित्र तुकड्या-तुकड्यानं निघालंय आणि खाली मगाचं मूळ पांढरं दिसतंय, ही दुसरी. चित्र आहे पण त्यावर केसासारख्या रेघा आहेत, ही तिसरी, आणि ती घासणीची कृपा.

ते काका मग ठेवून गेलेत ना? फिक्या भागाच्या कडेवरून अंगठ्याचं नख हळू फिरवा. नखाला पायरी लागते का? लागली तर कोटिंगच, म्हणजे मगावरचा पारदर्शक लेपच निघालाय, शाईला शिव्या देऊ नका. नख सरळ घसरलं तर कोटिंग जागेवर आहे, रंगच आत नीट शिरला नव्हता.

---

अवनी_ठाणे

जुना_छापखाना काकांना +1. मी घरून मग करते, पाच वर्षं. माझा अनुभव कुलाबा यांच्या उलट आहे. एकाच शाईनं, एकाच दिवशी, एकाच मशीनवर दोन लॉटचे मग मारले होते. एका लॉटचे आजही माझ्या माहेरी वापरात आहेत, रोज घासून. दुसऱ्या लॉटचे सहा महिन्यांत पांढरे भुरके झाले. शाई बिचारी तीच होती.

---

कुलाबा_प्रिंट

मग शाईच्या किमतीत इतका फरक का असतो, ते सांगा.

---

रसायन_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, छपाई कधी केलेली नाही, पण हा प्रश्न माझ्या फळ्यावरचा आहे म्हणून लिहितो.

आठवीनववीत "संप्लवन" शिकवलं होतं. देवापुढचा कापूर डबीत ठेवून विसरलात की वडी लहान होत जाते, पण डबीत थेंबभर पाणी साचत नाही. स्थायू थेट वायू होतो. सब्लिमेशन शाईतले रंग हेच करतात, फक्त त्यांना कापरापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता लागते, 180 ते 200 अंशांच्या आसपास. कागदावरचा रंग वाफ होतो आणि समोरच्या थरात शिरतो.

आता समोर काय आहे ते महत्त्वाचं. मगाची चकाकी म्हणजे काचेचा थर. काचेत या रंगाला शिरायला जागा नाही. म्हणून कारखान्यात मगावर पॉलिएस्टर जातीच्या रेझिनचा पातळ, पारदर्शक लेप देऊन तो भट्टीत पक्का करतात. तापल्यावर या लेपातल्या लांबलचक साखळ्या सैल होतात, रंगाचे रेणू मध्ये घुसतात, मग थंड झाला की साखळ्या आवळतात आणि रंग आत अडकतो. चहाच्या उष्णतेनं तो सहसा बाहेर येत नाही.

थोडक्यात, मगावर चित्र नसतंच. चित्र लेपाच्या आत असतं. लेप गेला की चित्र गेलं. कॉटनच्या शर्टावर सब्लिमेशन टिकत नाही आणि पॉलिएस्टरच्या जर्सीवर टिकतं, त्याचंही कारण हेच.

कुलाबा यांच्या प्रश्नाबद्दल: शाईत फरक असतोच. रंगाची शुद्धता, छटा, उन्हात टिकण्याची ताकद, प्रिंटरचं हेड चोंदणं, यात तो दिसतो. पण घासून पापुद्रा निघणं शाईच्या हातात नाही.

---

घाटावरचा

मास्तर, शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर आज मी इथं रुमाल टाकत बसलो नसतो. एक शंका: घरात कॅननचा टाकीवाला प्रिंटर पडून आहे. त्यात ही शाई भरली तर?

---

अवनी_ठाणे

नका भरू. कॅनन आणि एचपीच्या घरगुती इंकजेटमध्ये हेड शाईला क्षणभर तापवून, बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतं. आपली शाई उष्णतेवर चालणारी, तिचं तिथंच वाटोळं होतं. एप्सनचं हेड पिझो पद्धतीचं असतं, ते विजेच्या झटक्यानं दाब देऊन थेंब ढकलतं, तापवत नाही. सगळी दुनिया एप्सनमध्ये ही शाई भरते ती त्यामुळेच. एक मात्र लक्षात ठेवा: ज्या प्रिंटरमध्ये साधी शाई एकदा फिरली, त्यात सब्लिमेशन ओतलं की नळ्यांमधली जुनी शाई संपेपर्यंत रंग धड येत नाहीत. शक्यतो कोरा प्रिंटर घ्या.

---

रंगारी_मिरज

11 पैकी 9 जणांनी मग परत आणून दिले. दोघं पुण्याला असतात, त्यांनी व्हिडिओ पाठवले. नखाचा प्रयोग केला आणि चक्रावलो.

सात मगांवर नख सरळ घसरतंय. चित्र खालच्या कडेला फिकं, बाकी ठीक. चार मगांवर मात्र नख अडकतंय. तिथं चकाकी गेलीय, पृष्ठभाग खडबडीत लागतो, आणि इमारतीच्या मधोमध ठिपके पडल्यासारखं झालंय. म्हणजे दोन वेगळे आजार?

आणखी एक आठवलं. पेटीत 36 मग येतात. 60 साठी एक पेटी होती, दुसरी नंतर मागवली. दुसऱ्या पेटीतले मग जरा निळसर पांढरे होते, तेव्हा लक्ष दिलं नाही. नख अडकणारे चारही निळसर आहेत.

---

जुना_छापखाना

आता कसं! दोन आजार, दोन औषधं.

निळसर पेटीचं कोटिंग कच्चं आहे. मला सांगा, ते मग मारताना कागद काढायला त्रास झाला होता का? कागदाचा तंतू चिकटून राहिला, ओल्या फडक्यानं पुसावं लागलं, असं काही?

---

रंगारी_मिरज

झालं होतं! मला वाटलं पेपर खराब. बायकोनं बसून एकेक मग पुसला.

---

जुना_छापखाना

पेपर नाही. भट्टीत पुरता न भाजलेला लेप गरम झाल्यावर पुन्हा मऊ होतो आणि कागद धरतो. कधी मशीन फार तापलं तरी कागद चिकटतो, पण तुमच्याकडं पहिली पेटी त्याच मशीनवर सुटी निघाली ना? मग दोष पेटीचा.

उरलेल्या सातांसाठी मशीनकडं बघा. 180 आकडा दाखवतंय म्हणजे 180 आहे, असं धरून चालू नका. सेन्सर एका जागी असतो, पॅड सगळीकडं सारखं तापत नाही. जुन्या पॅडची कॉइल कडेला आधी दम सोडते. मल्टीमीटरबरोबर येणारा के-टाइप प्रोब (तापमान मोजायची तार) मग आणि पॅडच्या मध्ये सरकवून मोजा, मध्ये आणि दोन्ही कडांना. लेझरच्या बंदुकीनं मग आणि पॅडच्या मधलं तापमान कळत नाही, तिच्या नादी लागू नका.

---

वऱ्हाडी_भाऊ

अकोल्याहून. दुकानात उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज इतकं पडते का पंखा हाताने फिरवावा लागते. तेव्हा प्रेस 180 वर यायला दुप्पट वेळ घेते, आन् थंडा मग टाकला का आकडा घसरून वर येतच नाही. मी दुपारी मगच मारत नाही आता, सकाळी उरकतो. सकाळचा पहिला मग मात्र फिका येते, तो घरी वापरतो. घरात 14 फिके मग आहेत.

---

अवनी_ठाणे

वऱ्हाडी भाऊ, पहिला मग मारायच्या आधी रिकामा मग दोन वेळा तापवून काढा, तो फिका मग वाचेल. आणि कोरे मग मशीनच्या शेजारी ठेवून कोमट होऊ द्या. दाबही बघा. पॅड मगाला सगळीकडून घट्ट बसलं पाहिजे. कानाजवळ आणि वर-खाली फट राहिली की रंगाची वाफ तिथून निसटते. रंगारींच्या पायऱ्या धुक्यात गेल्या त्यात हेही असू शकतं. मी कडेपर्यंत चित्र नेतच नाही. 20 बाय 9 सेंटिमीटरच्या आत ठेवते. एका ए-फोरवर तीन बसतात आणि कडेची भानगड टळते.

---

स्टुटगार्टची_सून

इकडे बरीच घरं डिशवॉशरवाली. सासूबाईंना नातवंडांच्या फोटोचा मग मी सांगलीहून करून आणला होता. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा मशीनमध्ये जातो, अजून ठणठणीत. इथल्याच एका दुकानातून केलेला मात्र वर्षाच्या आत दुधी झाला. म्हणजे देशावर काही नाही.

डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कली असते, पाणी 60-65 अंशांपर्यंत, वर वाळवणीची गरम हवा. लेपाची खरी परीक्षा तिथे. भांडं डिशवॉशरमध्ये किती टिकतं ते तपासायला युरोपात ईएन 12875 हे मानक आहे. त्यामुळे डब्यावर नुसतं "डिशवॉशर सेफ" लिहिलेलं वाचून खूश होऊ नका, किती धुण्यांना तपासलंय ते विचारा. उत्तर आलं नाही तर समजायचं ते समजा.

---

अवनी_ठाणे

आपल्याकडे डिशवॉशरपेक्षा घासणी जास्त घातक आहे हो! हिरव्या खरखरीत पॅडमध्ये घासणारी पूड असते, पॉलिश पेपरसारखी. तारेची घासणी तर विचारूच नका. मी प्रत्येक मगाबरोबर चिठ्ठी घालते: मऊ स्पंज, पातळ साबण, तार नको, राख-पावडर नको. चिठ्ठी गिऱ्हाइकानं वाचली तरी भांडी घासायला दुसरंच कुणी असतं, ते कळतं मला. पण निदान भांडण टळतं.

---

रंगारी_मिरज

प्रोब आणला. मध्ये 176, वरच्या कडेला 171, खालच्या कडेला 158. काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

आता पुढचं. क्लासच्या 150 साठी मग कुठले घ्यावेत? पेटीवर "एएए ग्रेड" लिहिलेलं असतं, त्यात अर्थ आहे का?

---

कुलाबा_प्रिंट

पेटीवर काय, मीपण लिहू शकतो एएए. बरं, शाईबद्दल मी घाई केली, मान्य. पण एक सांगतो, आमच्या दुकानात काचेआड दक्षिणेच्या उन्हात नमुने लावलेत. त्यात दोन शाईंचे मग शेजारी शेजारी होते. एक पावसाळ्यापर्यंत टिकला, दुसऱ्यातले माणसांचे चेहरे मार्चमध्येच आजारी दिसायला लागले. मग तेच, पेटी तीच. ऑफिसच्या खिडकीत ठेवायचा मग असेल तर शाई बघावीच लागते.

---

रसायन_मास्तर

अगदी योग्य. उन्हातले अतिनील किरण रंगाचा रेणूच मोडतात. तिथं लेप कितीही पक्का असला तरी उपयोग नाही.

---

अवनी_ठाणे

ग्रेडच्या अक्षरांवर मी विसंबत नाही. नव्या डीलरकडून पेटी घ्यायच्या आधी चार मग पैसे देऊन आणते. देतच नसेल तर पुढचा डीलर.

आधी कोरा मग उजेडात तिरका धरून फिरवते. लेपात खड्डे, धुळीचे कण, ओघळ दिसले तर तिथं चित्रात पांढरे टिपके येणार. मग गडद चित्र मारते, भरपूर काळा आणि लाल असलेलं, कारण फिक्या चित्रात दोष लपतात. काळा काळाच आला पाहिजे. तपकिरी झाक आली तर तापमान किंवा वेळ कमी-जास्त आहे, ते आधी जुळवून घ्यायचं.

त्यातला एक मग पातेल्यात, तळाला फडकं घालून, पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळते. फडकं नसेल तर मग तळावर आपटून टवका उडतो, हे अनुभवाचे बोल. थंड झाल्यावर चकाकी गेली किंवा कडा उचलली तर तो लॉट बाद. दुसऱ्या मगावर ब्लेडनं बारीक चौकटी ओढते, बुद्धिबळाच्या पटासारख्या, वर सेलोटेप दाबून बसवते आणि झटक्यात ओढते. टेपला चौकोन लागून आले तर लेपाची पकडच नाही. तिसरा मग घरात रोज घासायला. चौथा जपून ठेवते, पुढची पेटी आली की रंग आणि जाडी ताडून बघायला. रंगारींच्या निळसर पेटीला तो चौथा मग पहिल्याच दिवशी पकडून देता.

---

घाटावरचा

बाजारात साधे मग निम्म्या भावात मिळतात आणि ऑनलाइन कोटिंगचा स्प्रेही मिळतो. घरीच फवारून ओव्हनमध्ये भाजले तर? स्टीलच्या पेल्यावरही होईल का?

---

जुना_छापखाना

होतं, आणि जातंही. मी केलंय म्हणून सांगतो. जाडी सारखी येत नाही, धूळ बसते, घरच्या ओव्हनला एकसारखी भाजणी जमत नाही. हौस म्हणून एखादा करा, पैसे घेऊन देऊ नका. स्टील, ॲल्युमिनियमचे कोटिंग केलेले तयार मिळतात, ते घ्या. धातू लवकर तापतो, म्हणून वेळ मगापेक्षा कमी लागतो, चाचणी करून ठरवा. आणि या शाईत पांढरा रंग नसतो हे ध्यानात ठेवा. पृष्ठभाग पांढरा नाहीतर फिका हवा. काळ्या मगावर पांढरा पॅच असलेलाच घ्यावा लागतो.

हल्ली यूव्ही डीटीएफचे स्टिकर मगावर लावून विकतात. दिसायला झकास. पण तो थर वर बसलेला असतो, आत शिरलेला नाही. कड उचलली की गेला.

---

स्टुटगार्टची_सून

आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारं हवं असेल तर?

---

जुना_छापखाना

तर सब्लिमेशन सोडा. खुर्जा, उत्तर प्रदेश, तिथं कपबश्यांवर डेकल लावून पुन्हा भट्टीत भाजतात, 800 अंशांच्या आसपास. रंग म्हणजे धातूंची खनिजं, ती चकाकीला धरून बसतात. आजीच्या कपाटातल्या बशीवरचा गुलाब असाच. पण 60 मगांवर 60 वेगळी नावं म्हटलं की तिथं हिशेब बसत नाही. ते सब्लिमेशननंच होतं.

---

वऱ्हाडी_भाऊ

मशीनमधून काढला का लगेच पाण्यात बुडवाचा का नाही? इथं अर्धे लोक बुडवतात, अर्धे वरडतात.

---

रसायन_मास्तर

मग गरम आहे तोवर रंग हलत राहतो, कडा पुसट होतात. म्हणून थंड करण्यात तथ्य आहे. पण 180 अंशांचा मग गार पाण्यात टाकला तर काचेचा थर एकदम आकसतो आणि तडे जातात. ते कधी लगेच दिसतात, कधी पुढं गरम चहा ओतल्यावर.

---

अवनी_ठाणे

मी पंख्याखाली लाकडी फळीवर ठेवते. कोमट पाण्यात बुडवणारेही पाहिलेत, माझं धाडस नाही.

रंगारी, तुमचं काम जूनमध्ये आहे म्हणून सांगते: पावसाळ्यात कागद ओल धरतो. प्रेसमध्ये त्याची वाफ होते, चित्रात ढग येतात, मग लोक पुन्हा शाईला शिव्या देतात. पेपरचं पाकीट घट्ट बंद डब्यात ठेवा. प्रिंट निघाल्यावर वाळू द्या, आणि मगावर टेप लावायच्या आधी कागद दहा सेकंद कोरडा गरम करून घ्या. टेपही हीट टेपच वापरा, साधी वितळते.

---

रंगारी_मिरज

तीन आठवड्यांनी आलो, उशिराबद्दल माफी.

प्रेसचं पॅड बदललं. आता खालच्या कडेला 174 येतंय. वेळ 180 वरून 200 सेकंद केला, काळा काळा आला. तीन डीलरांकडून चार-चार मग आणले. एकाचे उकळल्यावर दुधी झाले. दुसऱ्याचे चौकटीच्या टेपला थोडे आले. तिसऱ्याचे काही झालं नाही, तो नगाला 12 रुपयांनी महाग आहे. त्याच्याकडून पाच पेट्या सांगितल्या आणि बिलावर लॉट नंबर लिहून घेतला. शाई जुन्या ब्रँडचीच परत आणली. कुलाबा यांचा खिडकीतला मग डोळ्यांसमोरून जात नव्हता.

मेळाव्याचे सगळे 60 मग फुकट बदलून देतोय. क्लासच्या कामातला निम्मा नफा त्यात गेला. ग्रुपवर जुने मग आणून द्यायला सांगितलं, म्हणजे नख लावून बघता येतील. 57 आले. पुण्याचे दोघं दिवाळीत येताना आणतील. आणि पिशवी घेऊन पहिल्यांदा आलेले ते काका, त्यांनी नवीन मग घेतला, पण दुकानात ठेवलेला जुनाही मागून नेला. म्हणाले, शाळेच्या पायऱ्या तशाही आता पडल्यात, हाच फोटो खरा. त्यात पेनं ठेवलीत त्यांनी.

---

वऱ्हाडी_भाऊ

माझ्या 14 मगांत बी पेनंच आहेत, भाऊ.